गिनी फाउलची अंडी घरी येण्याआधी

मुरबाडहून गिनी फाउलची (कोंबडीसारखा ठिपकेदार पक्षी) अंडी निघाल्याचा फोन आला की मग इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, माळ्यावरून काढायचा, असं करू नका. निदान एक दिवस आधी यंत्र रिकामं चालवा. आत पंखा असेल तर 37.5 अंश, नसेल तर अंड्याच्या माथ्याच्या उंचीला 38.5 च्या आसपास. यंत्रावर दिसतो त्या आकड्यावर विसंबू नका, दुसरा थर्मामीटर आत ठेवून ताडून बघा. मग मेन स्विच बंद करून इन्व्हर्टर किती तास साथ देतो तेही पाहा. पावसात लाईट जाणारच. तास-दीड तासाने अंडी मरत नाहीत. हवेची भोकं मोकळी ठेवून वरून गोधडी टाका.

अंडी प्रवासातून आली की टोक खाली करून रात्रभर निवांत राहू द्या. आठवड्याहून जुनी घेऊ नका, आणि धुऊ तर अजिबात नका. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा.

खरी मेख आर्द्रतेची आहे. आपल्याकडे गिनी फाउल उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत अंडी घालते, म्हणजे बॅच बहुतेक वेळा पावसातच लागते. पहिले 25 दिवस 45 ते 55 टक्के हवी. जुलैत खारेगावात खिडकीबाहेरची हवाच 85-90 टक्क्यांची. तीच यंत्रात 37.5 अंशाला तापली की पाणी न घालताही पन्नाशीवर येऊन बसते. माझ्या पहिल्या बॅचला मी पहिल्याच दिवशी यंत्रातला पाण्याचा ट्रे भरला होता. पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच गेली. फोडून पाहिलं तर आत पाणी, हवेची जागा जेमतेम. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून वजनाचा डिजिटल काटा हवाच. आतलं पाणी उडतं तसं अंडं हलकं होतं: 40 ग्रॅमचं अंडं 25 व्या दिवशी 35 च्या आसपास यायला हवं.

कवच जाड आणि तपकिरी असतं, त्यामुळे आत पिल्लू वाढतंय का हे सातव्या दिवशी टॉर्चने कळत नाही. दहाव्या दिवशी, रात्री, खोली पूर्ण काळोखी करून बघा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायचं, 25 व्या दिवशी थांबायचं. मग ट्रे भरा, 65-70 टक्के ठेवा, खाली खरखरीत कापड घाला आणि झाकण उघडू नका. 26 ते 28 व्या दिवशी कवच टोचलं जाईल. टोचल्यापासून बाहेर यायला एक दिवसही लागतो. आतून चिवचिव येत असते आणि हात शिवशिवतो, तरी मदत करू नका. उघडलं की आतलं पापुद्र्याचं आवरण सुकून पिल्लाला आवळतं.

घरात खुडूक बसलेली गावठी कोंबडी असेल तर उत्तमच, बारा-पंधरा अंडी तिला द्या. मात्र तिची स्वतःची अंडी सहा दिवसांनंतर ठेवा, ती 21 दिवसांत फुटतात.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची पेटी, अंडी फुटण्याआधीच तापलेला हवा: 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. वर जाळी, कारण ही पिल्लं लवकर उड्या मारतात. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, पाय फाकतात, गोणपाट घाला. खाद्य 24 ते 26 टक्के प्रथिनांचं, बारीक. पाण्याच्या थाळीत गोटे टाका, नाहीतर लिंबाएवढं पट्टेरी पिल्लू त्यात पडून गारठतं. पूर्ण कोरडं झाल्यावरच एकेकाला उचलायचं आणि चोच एकदा पाण्यात बुडवायची.