‘पायथन३ पट्टी’ चालते, ‘./पट्टी’ चालत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानात हळदीचा सौदा झाल्यावर शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी तयार करण्यासाठी लिनक्सवर ‘पट्टी’ नावाची पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या भाषेत लिहिलेल्या आज्ञांची फाइल, ठेवली आहे, असे समजू. ‘पायथन३ पट्टी’ लिहिल्यावर ती बिनतक्रार हिशेब करते, ‘./पट्टी’ लिहिल्यावर मात्र अडते. अशा वेळी आतील वजने आणि दर तपासत बसू नये, कारण दोष तिथे नसतो. पहिल्या पद्धतीत प्रत्यक्षात पायथन चालतो आणि स्क्रिप्ट ही त्याने वाचायची साधी फाइल असते. दुसऱ्या पद्धतीत ती फाइल कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, चालवायला सांगितलेली असते आणि त्यासाठी तो तिच्यावरील परवानगी व ती कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची हे सांगणारी पहिली ओळ पाहतो.

नुसते ‘पट्टी’ लिहून ‘कमांड नॉट फाउंड’ आले, तर शेलने, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, फक्त पाथमधील, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या ठरलेल्या यादीतील, डिरेक्टऱ्या धुंडाळल्या, एवढाच त्याचा अर्थ. चालू डिरेक्टरी त्यांत सहसा नसते, म्हणून ‘चालू डिरेक्टरीतलीच’ असे सांगणारे ‘./’ लावावे लागते.

‘परमिशन डिनाइड’ आले, तर ‘एलएस -एल पट्टी’ने परवानग्या पाहाव्यात आणि त्यांत चालवण्याची परवानगी दाखवणारा एक्स नसेल, तर ‘चमॉड यू+एक्स पट्टी’ ही आज्ञा द्यावी. घाईत ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देण्याची सवय मला घातक वाटते. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब करणारी फाइल संगणकावरील कोणालाही बदलता येता कामा नये.

खरी दमछाक पहिल्या ओळीपाशी होते. ती फाइलीच्या अगदी पहिल्या अक्षरापासून ‘#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३’ अशी हवी. वर एक रिकामी ओळ राहिली तरी ती निरुपयोगी ठरते. ती नसेल, तर बॅश हा लिनक्सवरचा नेहमीचा शेल पायथनचा मजकूर शेलच्या आज्ञा समजून वाचू लागतो आणि ‘इम्पोर्ट: कमांड नॉट फाउंड’ अशी अनाकलनीय तक्रार करतो. इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारे सॉफ्टवेअर बसवलेले असेल, तर इम्पोर्ट नावाची त्याची स्क्रीनचे चित्र टिपणारी आज्ञाच सुरू होते आणि माउसचा बाण अधिकच्या चिन्हासारखा दिसू लागतो.

ओळ डोळ्यांना बरोबर दिसत असूनही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येत असेल, तर फाइल विंडोजवर लिहिली गेली होती का, हे विचारावे. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे ठेवते, युनिक्स, म्हणजे लिनक्सचे घराणे, एकच. त्यामुळे ज्याच्या नावाला ते जादा चिन्ह चिकटले आहे अशा पायथनचा शोध सुरू होतो, जो कुठेच नसतो. पायथनला स्वतःला दोन्ही प्रकारच्या ओळी चालतात, म्हणूनच ‘पायथन३ पट्टी’ने हा दोष उघडा पडत नाही. ‘कॅट’ला कॅपिटल ए हा पर्याय दिला की ओळींच्या शेवटी ‘^एम’ दिसते, आणि ‘डॉसटूयुनिक्स पट्टी’ने ते निघून जाते.

एवढे करूनही परवानगी नाकारली जात असेल, तर फाइल पेनड्राइव्हवर आहे का ते पाहावे. पेनड्राइव्ह त्यावरील फाइली चालवू न देणाऱ्या ‘नोएक्झेक’ पर्यायाने जोडलेला असेल, तर तिथे चमॉडचा उपयोग होत नाही; फाइल होम डिरेक्टरीत आणून तिथून चालवावी.