चामखीळ जाळण्याआधी: अंगावरची वाढ ओळखायची कशी

अंगावर नवं काही उगवलं की आपल्या खान्देशात पहिला सल्ला मिळतो चुना आणि धुण्याच्या सोड्याचा. दुसरा बिब्ब्याचा, तिसरा घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा. सरकारी दवाखान्याच्या चामडीच्या ओपीडीत मी सिस्टर होते. या तिन्ही उपायांनी चिघळलेल्या माना, गाल, पापण्या मी धुतल्या आहेत. बिब्ब्याने चामखीळ जाते का? कधी कधी जाते. पण शेजारची चांगली कातडीही भाजते, आणि काहींचा वण असा फुगतो की मूळ चामखीळ बरी होती म्हणावं.

त्याहून वाईट गोष्ट अशी, की जे जळालं ते नक्की काय होतं हे मग कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माझं सांगणं: आधी ओळख पटवा, मग काढा. आणि शंकेची वाढ काढली तर तो तुकडा तपासायला गेलाच पाहिजे.

बहुतेक वाढी निरुपद्रवी असतात. मानेवर, काखेत, जांघेत देठावर लोंबणारी मऊ चामखीळ ही त्यातली. वजन वाढलेल्या आणि शुगरच्या लोकांत ती जास्त दिसते. सोबत मान काळी, जाडसर झाली असेल तर चामखिळीचं राहू द्या, आधी रक्तातली साखर तपासून घ्या. गोरं करणारी क्रीम लावून ती मान उजळत नाही.

हातापायांवरची खरखरीत चामखीळ वेगळी. ती विषाणूची. नीट पाहिलं तर आत काळे ठिपके दिसतात, त्या रक्त गोठलेल्या बारीक नसा. नखाने खुडली, तिच्यावरून दाढीचं ब्लेड फिरवलं की पसरते. लहान मुलांची पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. तळपायाला असेल तर लोक तिला कुरूप समजून कापत बसतात. दोन बोटांच्या चिमटीत बाजूने दाबा: चिमटीत जास्त दुखली तर बहुधा चामखीळ, सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखलं तर कुरूप. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रोज लावून, मऊ झालेला थर घासत आठवडेच्या आठवडे चिकाटी धरावी लागते. शुगर असलेल्यांनी ते पायाला स्वतःच्या मनाने लावू नये, आणि चेहऱ्याला किंवा गुप्तांगाला कोणीच लावू नये. दवाखान्यात उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनने गोठवतात किंवा जागा बधिर करून विजेच्या सुईने जाळतात.

चाळिशी-पन्नाशीनंतर पाठीवर, कपाळावर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी-काळे, खडबडीत डाग येतात. गालांवर बारीक काळे दाणे येतात, ते घराण्यातच असतात. छातीपोटावर लालभडक ठिपके येतात. हे सगळं वयाचं देणं. आवडत नसेल तर काढा, नाही तर राहू द्या. कातडीखाली सरकणारी मऊ गाठ चरबीची. मधोमध काळं तोंड असलेली गाठ पिळू नका, आतली पिशवी अख्खी निघाल्याशिवाय ती परत भरते.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. कॅन्सरच्या आधीची वाढ दिसायला भीतीदायक नसते, म्हणून ती सुटते. उन्हाने येणारा डाग डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो: टक्कल, कानाची कड, नाक, हाताची पाठ यांवर खरखरीत पापुद्रा. काढला तर पुन्हा तिथेच येतो. सावळ्या कातडीत हे कमी होतं, पण कोड असलेल्या पांढऱ्या जागेला आणि जन्मतः पांढऱ्या कातडीच्या माणसांना ते संरक्षण नसतं. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन 45 अंशांवर जातं. अशांनी केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात जाताना कान झाकणारा रुमाल आणि पूर्ण बाह्या सोडूच नयेत. या उन्हाच्या डागावर डॉक्टर फाइव्ह-फ्लुरोयुरासिलचं मलम देतात. ते लावल्यावर जागा लाल होते, सोलते, खपली धरते. रिॲक्शन आली समजून लोक ट्यूब फेकून देतात. ती लाली अपेक्षितच असते; फार झालं तर डॉक्टरांना दाखवा, पण मनाने बंद करू नका.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे एकच लालसर, खवल्यांचा चट्टा, जो नायट्यासारखा दिसतो. मेडिकलमधून तीन-तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणून महिनोन्‌महिने चोळली तरी तो हटत नाही, हळूहळू पसरतो. कातडीतून शिंगासारखं टणक काही वर आलं असेल तर वरचं टोक कापून भागत नाही, बुंधा तपासावा लागतो.

भाजल्याच्या जुन्या वणात कितीतरी वर्षांनी जखम झाली आणि भरत नसेल, तर तीही याच यादीत. आणि बायांनो, कमरेकडे बघा. परकराची नाडी एकाच जागी घट्ट बांधून काळा पट्टा पडतो, खाज येते, खपली धरते. वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा जागी कॅन्सर झालेल्या दोन वयस्कर बायांची नोंद ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये छापली, त्यातली एक परकराविना लुगडं नेसणारी होती. नाडी रुंद घ्या, सैल बांधा, जागा बदलत राहा. पुरुषांचा घट्ट करदोडाही त्यातच आला.

तिळाचं म्हणाल तर दोन अर्धे सारखे नाहीत, कड वेडीवाकडी, रंग एकाहून जास्त, आकार वाढतोय, यातलं काहीही दिसलं की दाखवा. आपल्या लोकांत खरा धोका तळपाय, तळहात आणि नखाखाली असतो, जिथे कोणी बघत नाही. एकाच नखात नवी काळी रेघ रुंदावत असेल तर मार लागला असेल म्हणून सोडू नका. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तोंडातला न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा त्याच दिवशी दाखवावा.

“दुखत नही, मंग कसाले जानं दवाखानामा?” हे मी ओपीडीत सारखं ऐकलं. न दुखणं ही चांगली खूण नव्हे. महिनाभरात न भरलेली जखम, सहज रक्त येणारी गाठ, एवढं कारण पुरेसं आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. केस पेपर काढा आणि चर्मरोग विभाग विचारा.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती सोडा. बायोप्सीत जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि एखादा टाका घालतात. तुकडा फॉर्मॅलिनच्या (तो सडू न देणाऱ्या औषधी पाण्याच्या) बाटलीत जातो. बाटलीवरचं नाव आणि शरीराची बाजू स्वतः वाचून घ्या. चेहऱ्याचे टाके साधारण आठवड्यात, हातापायांचे दहा ते चौदा दिवसांत निघतात; तोवर हळद-तेल काही नको. पार्लरमध्ये तीळ जाळून घेऊ नका, तिथे तपासायला तुकडाच उरत नाही.

रिपोर्ट न्यायला बरेच जण परत येतच नाहीत. फोन नंबर नीट लिहा, तारीख विचारून ठेवा, आणि कागद हातात आल्यावर वाढ पूर्ण निघाली का, कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग पोचलेला नाही ना, एवढं डॉक्टरांकडून वाचून घ्या.