डी.एल.एड.चा अर्ज भरण्याआधी आठ दिवस

बारावीचा निकाल लागला की वाडीतलं एखादं पोर ओटीवर येऊन बसतं. "बाई, मास्तरकीचं डी.एल.एड. करू काय?" मी विचारते, "कशाला?" "मुलं आवडतात." हे उत्तर मी धरत नाही, मुलं सगळ्यांनाच आवडतात, बघायला.

वहीत दोन कारणं लिहा. एक लोकांना सांगायचं, दुसरं मनातलं. मनातलं हलकं निघालं तरी लाजू नका. मला वडिलांनी धाडलं, आणि मला मे महिन्याची सुट्टी हवी होती. आंब्याच्या दिवसांत घरात माणूस लागतं.

मग आईबापांसमोर हिशेब मांडा. दोन वर्षं डी.एल.एड. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, १५० गुणांची, खुल्या वर्गाला ९० हवेत. पुढे अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. नेमणूक झाली तरी तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,००० मानधन. नुसत्या पगारासाठी आलेला इथेच गळतो. गळू दे.

उरलात तर हेडमास्तरांना विचारून एखाद्या दोनशिक्षकी शाळेत आठ दिवस बसा. तेही बंदराजवळच्या, आणि ऑगस्टात. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा पट भरलेला असतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की कोळीवाड्यातली पोरं वर्गात पेंगतात. खरी शाळा ती.

हर्णै बंदराच्या बाजूला शिकवत असताना माझा चौथीतला एक मुलगा गुणाकाराला फळ्यासमोर खांब व्हायचा. एका संध्याकाळी मासळीच्या लिलावात तोच आईला सांगत होता, किती पैसे कमी आले ते. दुसऱ्या दिवशी वर्गात शिंपल्यांचे वाटे मांडले. वाट्याला भाव लावला. पठ्ठ्या बोलावल्याशिवाय उठला. (दोन अंकी गुणाकाराला परत अडला, ते सोडा.) त्या रात्री जेवताना मी त्याच्याबद्दलच बोलत होते. सुट्टीला अजून किती दिवस, हे मोजायचं राहून गेलं.

म्हणून रोज घरी गेल्यावर पहिलं वाक्य काय निघालं, ते वहीत टिपा. पोराचं नाव निघालं, की खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन भरायची माहिती? कुरकुर सगळेच करतात, मीही केली. पण आठही दिवस तेवढंच असेल तर मला दाखवायला या.

मागे एक मुलगी पाचव्या दिवशीच वही घेऊन आली. पाचही पानांवर एस.टी. किती वाजता सुटली तेवढंच लिहिलेलं. आता नर्सिंगला आहे. गणपतीला येते तेव्हा वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगून थकत नाही.