मॉन्क्टनमध्ये कुलगुरूंना निरोप देताना

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या आमच्या फ्रेंच विद्यापीठात मी कार्यक्रमांचं काम बघते. इथल्या फ्रेंचभाषक अल्पसंख्याकांच्या फ्रेंच शिक्षणासाठी झटलेले कुलगुरू निवृत्त होत असतील, तर आधी भाषा ठरवा. कार्यक्रम फ्रेंचमध्येच करा. इंग्रजी सारांश छापून खुर्च्यांवर ठेवा. मंचावर भाषांतर नको, त्याने बोलणाऱ्याची लय तुटते.

मानपत्रात विशेषणं कमी, कामं जास्त लिहा. कुठला अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला, कुठला बंद पडू दिला नाही? मागचा धागाही जोडा: १९६३ साली विद्यापीठाची स्थापना, १९७८ साली फ्रेंचमधून कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांवर उभा राहिलेला इंग्रजी परंपरेचा कायदा, शिकवणारी विधी शाखा, आणि मुलांना अल्पसंख्याक भाषेत शिकवण्याचा हक्क देणारं कॅनडाच्या १९८२ च्या हक्क-स्वातंत्र्यांच्या सनदेचं कलम २३.

छापण्याआधी मजकूर स्वतः वाचा. सगळं मोठ्या अक्षरांत घेतलं की 'युनिवर्सिते' (विद्यापीठ) या फ्रेंच शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ हमखास गळते. या माणसाच्या मानपत्रावर ती गळता कामा नये.

जेवणात पुतीन रापे हवंच, म्हणजे बटाट्याच्या किसाचे, आत डुकराचं मांस भरलेले उकडलेले गोळे. मी सातारची, मला शाल द्यावीशी वाटते. इथल्या विणकराकडून लोकरीची घ्या. ती मात्र पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या हातून पांघरा.