बॉबी राजदूतला फौजी रूप कसं द्यावं

राजदूत जीटीएस १७५, म्हणजे १९७३ च्या सिनेमामुळे सगळीकडे ‘बॉबी’ म्हणूनच ओळखली जाणारी ती ठेंगणी मोटारसायकल, कुणाच्या वाड्यात पोत्यांखाली सापडली की नवीन मालकाच्या डोक्यात आधी हिरवा रंग येतो. तो विचार तिथेच सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. “शेड थोडा बदलून मारतो, कोण बघतं” असं म्हणणारे पेंटर नागपुरात गल्लोगल्ली भेटतील. कामठीची छावणी इतकी जवळ असताना असला सल्ला घेऊच नका. वर तोंड केलेल्या बाणाचे लष्करी नंबर, रेजिमेंटची चिन्हं हेही गाडीवर नको. ज्यांनी ते कमावलंय, त्यांच्याच अंगावर ते शोभतं.

हिरव्याशिवायही फौजी रूप येतं, आणि जास्त चांगलं येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी छत्रीधारी सैनिकांसाठी वेलबाइक नावाची चिमुकली गाडी काढली होती. ९८ सीसीचं विलियर्स इंजिन, वजन जेमतेम ३२ किलो, घडी घालून पॅराशूटच्या डब्यात मावणारी. दिवे नाहीत, ब्रेक एकच आणि तोही मागचा. तिचे फोटो नीट पाहा. क्रोम कुठेच नाही, चकाकी नाही, कामाशिवायची एक पट्टीसुद्धा नाही. बॉबीवर आपल्याला तेवढंच करायचंय. रंग वाळूचा किंवा मातकट खाकी, आणि संपूर्ण मॅट.

कागद

आरसी बुकातला चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नसेल तर गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असो. रंग बदलायचा तर आरटीओकडे अर्ज आधी, पेंटर नंतर. आरसीवर रंग लिहिलेला असतो आणि पुढच्या पासिंगला तोच बघतात. आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोज वापरता येत नाही, पण सुरुवातीच्या बॉबी आता त्या वयाला पोचल्यात. म्हणून चासीवर एकही वेल्डिंग नको. मागचं कॅरिअर, बॅगांचे हुक, सगळं क्लॅम्प आणि बोल्टने बसवा, उद्या काढता आलं पाहिजे. मडगार्ड कापणाऱ्याच्या हाती तर गाडी देऊच नका.

इंजिन

१७३ सीसीचं टू-स्ट्रोक, तीन गिअर. यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त पिस्टन-रिंग बदलून ‘इंजिन झालं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नका. क्रँकचे दोन्ही ऑईल सील बदललेच पाहिजेत. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं तेल जळतं आणि मागे धुराचा लोट. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या संपर्कपट्ट्यांचा) गॅप ०.४ मिमी, पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टू-टी ऑईल. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, तेव्हा जुना रबरी पाइप आणि पेट्रोल कॉकचे वायसर फेकून नवे घाला.

टाकी आतून ॲसिडने साफ करण्याचं काम रंगाच्या आधी संपवा. ॲसिडचा एक ओघळ नव्या रंगावर आला की सगळं परत. गंज निघाल्यावर सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आत पेट्रोल-ऑईल फिरवून ठेवा. रात्रभर उघडी ठेवली तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल.

मॅट रंग

खरं काम इथे आहे. ग्लॉसवर धूळ बसली, ओघळ आला, तर वॉटर पेपर मारून पॉलिश करता येतं. मॅटला ती सोय नाही. घासलं की तेवढाच भाग चमकतो आणि तो डाग कायमचा. म्हणजे एक कण चुकला तरी पूर्ण पार्ट पुन्हा मारायचा. या मॅटने मला फार छळलंय. एका बाजूने टाकी छान कोरडी दिसायची आणि उन्हात फिरवली की दुसऱ्या बाजूला तेलकट पट्टे.

त्या पट्ट्यांची कारणं दोन. पहिलं डब्यातच असतं. रंगाची चमक घालवण्यासाठी त्यात सिलिकाची बारीक भुकटी घातलेली असते आणि ती तळाशी बसते. डब्यात सपाट पट्टी खाली टेकवून वर काढा, तिला दह्यासारखा जाड थर चिकटून येईल. तो वरच्या रंगात पूर्ण मिसळेपर्यंत ढवळायचं, आणि स्प्रे गनचा कप भरताना दर वेळी पुन्हा ढवळायचं. बहुतेक पेंटर डबा दोनदा हलवतात आणि सुरू होतात. तिथे उभं राहून ढवळायला लावा, ते रागावले तरी चालेल.

दुसरं कारण थराची जाडी. रंग जिथे ओला आणि जाड बसतो तिथे चमक राहते. गन पत्र्यापासून वीतभर, हात सरळ, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. कोपऱ्यावर हात थांबला की खेळ संपला. एक कोट मारला की तो सगळीकडून सारखा मंद दिसेपर्यंत दुसरा नको. शेवटचा कोट जरा लांबून, आधीच्या कोटला आडवा. टाकी, साइड कव्हर, दोन्ही मडगार्ड, हेडलाइटची वाटी, सगळं तारेने टांगून एकाच बैठकीत, एकाच डब्यातून मारा. आज टाकी, परवा मडगार्ड असं केलं की दोन वेगळ्या गाड्या जोडल्यासारखं दिसतं.

रंग टू-के पीयूच (दोन भागांचा पॉलियुरेथेन) घ्या, हार्डनरवाला. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त पडतो, पण पेट्रोल भरताना थेंब सांडला की झाकणाभोवती रंग फुगतो, आणि बॉबीच्या पेट्रोलमध्ये ऑईल असल्याने डाग आणखी तेलकट. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून पाहा. आठवडाभराने त्यावर पेट्रोल-ऑईलचा बोळा घासा. बोळ्याला रंग लागला तर तो डबा परत करा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ती फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात. उन्हासाठी तोंडाला बांधतो तो दुपट्टा इथे काही कामाचा नाही. कार्ट्रिजवाला मास्क घ्या, आणि तो नसेल तर त्या दिवशी रंग मारू नका.

मुहूर्त दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा, सकाळी दहा ते एक. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना गनमधून निघालेला रंग पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धा वाळतो आणि हाताला खरखर लागते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचतं आणि रंगावर बारीक खड्डे पडतात.

रंगाखालची तयारी नेहमीचीच: जुना रंग स्ट्रिपरने काढा, मग एपॉक्सी प्रायमर, मग ३२० चा पेपर. पातळ पत्र्यावर सँडब्लास्टिंग करू नका, पत्रा वाकतो. आणि पुट्टी जितकी कमी तितकी बरी. मॅटवर फुगवटा लपतो असं लोक म्हणतात, तिरप्या उन्हात एकदा बघा.

बाकीचं

नट-बोल्ट नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत. चमकणारे स्टीलचे घेऊ नका, काळे घ्या. वायरिंग ६ व्होल्टचं, पूर्ण नवं ओढा. सीटला जाड कॅनव्हास, बॅगाही त्याच. स्टेन्सिल मारायचंच तर टायरमधल्या हवेचा आकडा किंवा ‘पेट्रोल + ऑईल’ एवढंच, छोट्या अक्षरात.

टायर मात्र विचार करून. जाड गुट्ट्यांचे टायर फोटोत झकास दिसतात, पण आपल्याकडची काळी माती जुलैत टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवा आणि कच्चा रस्ता निवडताना मुरुमाचा निवडा. जंगलखात्याच्या हद्दीत शिरू नका.

सुरुवातीचे ५०० किलोमीटर गाडी तापू देऊ नका. पहिल्या फेरीनंतर हेडचे नट थंड इंजिनवर पुन्हा कसा. क्लॅम्पही तपासा, टू-स्ट्रोकच्या थरथरीने ते हमखास ढिले होतात. मॅट रंगावर वॅक्स, पॉलिश, डिझेलचा बोळा यांपैकी काहीही नको. साधं पाणी, थेंबभर शाम्पू आणि मऊ फडकं, आणि पेट्रोल सांडलं तर लगेच.