बाग गोठली, द्राक्षं बाहेरून: या चुका टाळा

जानेवारी 2024 मध्ये कॅनडातल्या ओकानागन खोऱ्यात पारा उणे 25 अंशांखाली गेला आणि वाइनच्या द्राक्षांचे डोळे (ज्यातून पुढची फूट येते त्या कळ्या) काडीवरच मेले. निफाडला गारठा वाढला की आपण बागेत शेकोट्या पेटवतो. तिथे शेकोटीने काय होणार? जुलैत तिथल्या प्रांताच्या, ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने वाइनरींना त्या हंगामापुरती बाहेरची द्राक्षं किंवा रस आणायला मुभा दिली, आणि अमेरिकेतल्या वॉशिंग्टन, ओरेगॉन राज्यांचा माल खोऱ्यात येऊ लागला.

अशा वेळी बाहेरून द्राक्षं घ्यायची की नाही हे ठरवायला सगळ्यात महागात पडतं ते वेल फुटायची वाट बघत बसणं. फूट दिसेपर्यंत वसंत उजाडतो, तोवर चांगल्या प्लॉटचे सौदे झालेले असतात. गारठा ओसरला की काड्या आणून दोन दिवस घरातल्या उबेला ठेवा, मग ब्लेडने डोळ्याचा पातळ आडवा काप घ्या. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी ठिपका दिसला तर गेला. एका डोळ्यात तीन कोंब असतात. मधला मेला तरी बाजूचा फुटतो, पण घड कमी लागतात. खोलगट जागेतले आणि उतारावरचे डोळे वेगळे मोजा, थंड हवा खाली साचते.

दुसरं, नुसता ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) विचारून सौदा करू नका. उष्ण भागात साखर चढते तसा आंबटपणा झपाट्याने उतरतो. पीएच (जितका जास्त, तितका आंबटपणा कमी) 3.8 च्या वर गेला तर वाइन टिकवायला घालतात त्या सल्फरची नेहमीची मात्रा तोकडी पडते. म्हणून वाइनची दरवर्षीची कृती जशीच्या तशी चालवली, तर फसलात.

तोडणी पहाटेची, गाडी रीफरची, म्हणजे थंड डब्याची. माल उतरवताना क्रेटच्या तळात हात घाला: रस साचलाय, व्हिनेगरचा वास येतोय, तर तो क्रेट बाजूला. पानं-काड्याही निवडून काढा. त्यांच्यासोबत कीड येते.

आता लेबल. 'बीसी व्हीक्यूए' (ब्रिटिश कोलंबियाच्या वाइनचा दर्जा-शिक्का) हे नाव फक्त 100 टक्के ब्रिटिश कोलंबियाच्या द्राक्षांना. घरची थोडीफार द्राक्षं वाचली असतील तर ती बाहेरच्या मालात ओतायचा मोह होतो, टाकी भरलेली दिसते ना! पण मग त्या टाकीला ते नाव लावता येत नाही. वाचलेल्या मालाला छोटी का होईना, वेगळी टाकी द्या, आणि खडूने तारीख-प्लॉट त्याच दिवशी लिहा.