सुपरसॉनिक मिक्सिंग लेयर किती फुगेल? केस रन करण्याआधी वहीत काढा

कोथरूडला माझ्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, तेव्हा लॅपटॉपच्या आधी मी वही उघडायला लावते. माझा आग्रहच आहे तो. पातळ प्लेटच्या वरून आणि खालून वेगवेगळ्या वेगानं आलेले दोन प्रवाह टोकापुढे एकमेकांत मिसळतात, तो थर म्हणजे मिक्सिंग लेयर; आणि केस म्हणजे त्याचं संगणकावर सोडवायचं गणित.

पहिला आकडा कन्व्हेक्टिव्ह माक नंबर. माक म्हणजे वेग ध्वनिवेगाच्या किती पट; कन्व्हेक्टिव्ह म्हणजे तो थरातल्या भोवऱ्यांच्या तुलनेत मोजलेला. दोन प्रवाहांच्या वेगांतला फरक काढा आणि दोन्हीकडच्या ध्वनिवेगांच्या बेरजेनं भागा. दोन्हीकडे हवाच असेल तर एवढं पुरतं. समजा, वर माक २.५, खाली माक ०.३, दोन्हींचं एकूण तापमान, म्हणजे हवा थांबवली तर होईल ते, ३०० केल्विन. वरची हवा वेग घेताना १३३ केल्विनपर्यंत थंड होते, त्यामुळे तिथला ध्वनिवेग २३१ आणि हवेचा वेग ५७९ मीटर प्रतिसेकंद. खाली हेच आकडे ३४४ आणि १०३. उत्तर ०.८३. बरीच मुलं दोन्हीकडे खोलीच्या तापमानाचा ध्वनिवेग धरतात आणि पुढचं सगळं गणित घसरतं.

आता थरात तयार होणारे भोवरे पुढे सरकतात तो वेग. प्रत्येक प्रवाहाचा वेग समोरच्याच्या ध्वनिवेगानं गुणा, बेरीज करा, ध्वनिवेगांच्या बेरजेनं भागा: ३८७. वेगांतला फरक ४७५, त्याला ३८७ नं भागून ०.१७ या प्रयोगातून आलेल्या स्थिरांकानं गुणलं की ०.२१ येतं. म्हणजे प्लेटच्या टोकापासून १०० मिलिमीटरवर थराची दिसणारी जाडी २१ मिलिमीटर.

पण हा हिशेब मंद प्रवाहांचा. ब्राउन आणि रोश्को यांनी १९७४ साली हेलियम-नायट्रोजनचे प्रयोग करून दाखवलं, की सुपरसॉनिक थर कमी फुगतो याचं कारण नुसता घनतेतला फरक नाही. १९८८ मध्ये पापामोशू आणि रोश्को यांच्या मोजमापात कन्व्हेक्टिव्ह माक वाढत गेला तशी ही वाढ मंद प्रवाहांच्या हिशेबाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शावर आली. वेगवेगळ्या प्रयोगांचे बिंदू बरेच विखुरलेले आहेत, म्हणून ०.८३ ला मी चार ते दहा मिलिमीटर अशीच पट्टी लिहायला सांगते. भोवऱ्यांमधले दाबाचे चढउतार दुबळे होतात आणि प्रवाहाच्या दिशेतली खळबळ आडव्या दिशेला पोचत नाही, हे त्यामागचं कारण. सुपरसॉनिक प्रवाहातच इंधन जाळणाऱ्या स्क्रॅमजेट इंजिनाला हे फार महागात पडतं, कारण तिथे इंधनाला मिसळायला मोजके मिलिसेकंद मिळतात.

केस लावताना प्लेटच्या टोकाशी दोन्हीकडचा स्टॅटिक दाब (वाहत्या हवेचा स्वतःचा) सारखा ठेवा, नाहीतर शॉक, म्हणजे दाबाच्या धक्कालहरी, उठतात आणि थर वाकतो. आणि मेश, म्हणजे गणितासाठी जागेचे केलेले बारीक तुकडे, त्रिमितीच हवा. एका मुलीनं याच आकड्यांचं द्विमितीय चित्र आणलं होतं. एकामागोमाग एक गुंडाळलेले भोवरे, बघत राहावं असं चित्र, पण कन्व्हेक्टिव्ह माक ०.६ च्या पुढे तिरक्या लाटा वरचढ होतात आणि द्विमितीत त्यांना जागाच नसते.

जाडी प्लेटला लागून मोजू नका. पुढे जिथे ती सरळ रेषेत वाढते, तिथला उतार घ्या आणि जाडीची व्याख्या अहवालात लिहा. खळबळीसाठी के-एप्सिलॉन हे मॉडेल वापरलं आणि उत्तर २१ मिलिमीटरच्या आसपास आलं, तर मेशला हात लावण्याआधी कॉम्प्रेसिबिलिटी करेक्शन (वेगवान प्रवाहात थर कमी फुगतो हे धरणारी दुरुस्ती) चालू आहे का ते बघा.